कोनी शे का घरमा?

सुरतेत लिंबायतच्या आमच्या गल्लीत घरांना दारं होती, पण ती दिवसा लावायची नसतात अशीच सगळ्यांची समजूत होती. भरदिवसा कुणी दार लावलं की शेजारीण कामं टाकून धावत यायची, "काय गं, बरं नाही का?" सकाळी उघडलेलं दार रातपाळीची माणसं लूमवर गेली की मग लागायचं. मधल्या वेळात दारात जुन्या लुगड्याचा पडदा. आणि त्या पडद्याशी येणारा प्रत्येक माणूस, सख्खा चुलता का असेना, आधी खाकरायचा. मग विचारायचा, "कोनी शे का घरमा?"

ही आमची अहिराणी. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून भुसावळ-सुरत पॅसेंजरनं पोटामागे आलेली आमची घरं. गुजराती आम्ही बाजारापुरती शिकलो, हिंदी कारखान्यापुरती. पण पडद्याशी विचारायचं ते अहिराणीतच. पुढे शेजारची गुजराती बेनसुद्धा तसंच विचारायला लागली आणि गंजामहून आलेला ओडिया भाऊही. खोली दहा बाय दहाची, माणसं सात. कोण कुणाशी भांडलं, कुणाचा पगार कापला, कुणाच्या डब्यात आज नुसतीच भाकरी आणि ठेचा, सगळं सगळ्यांना ठाऊक. तरी प्रत्येकाचं म्हणून काही झाकलेलं असे, आणि ते झाकण सगळी गल्ली मिळून सांभाळायची.

आठवतं ना ते पंधरा पैशांचं पोस्टकार्ड? सगळं उघडं. पोस्टातला कारकून वाचेल, पोस्टमन वाचेल, ओट्यावर बसलेली म्हातारी कुणाकडून तरी वाचून घेईल. म्हणून कार्डावर काय लिहायचं ते ठरलेलं होतं. इकडील सर्व ठीक. तुमच्या खुशालीचं पत्र पाठवणे. थोडे लिहिले, जास्त समजावे. त्या 'जास्त'मध्ये काय काय मावत असे! विहिरीचं आटलेलं पाणी, सोसायटीचं कर्ज, बहिणीचं मोडलेलं लग्न. उघड्यावर लिहून झाकायची ती कला होती आणि ती चौथी शिकलेल्या माणसालाही यायची. कोपरा फाटलेलं, म्हणजे मरणाच्या बातमीचं कार्ड आलं तर उंबऱ्याबाहेरच वाचून तिथंच फाडायचं. फारच नाजूक मजकूर असला तर निळं आंतर्देशीय. त्याला डिंक असायचा, पण पोस्टाच्या डिंकावर आईचा भरवसा नव्हता. ती वरून भाताचं शीत चोळायची. एक शीत इकडच्या कडेला, एक तिकडच्या.

मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली मजकुराची चिमूटभर जागा असे. तेवढ्यात महिनाभराची माया बसवायची. गावाकडे आजी अंगठा द्यायची तेव्हा साक्षीदार लागायचा, म्हणजे किती आले हे साक्षीदाराला कळायचंच. पण तो पारावर जाऊन सांगत नसे.

आणि नाना. महापालिकेच्या मराठी शाळेत मास्तर होते. वाचता न येणाऱ्या तीसेक घरांची पत्रं तेच वाचायचे, तेच लिहायचे. अडचण अशी, की वर्षानुवर्षं लूमच्या खडखडाटात उभं राहून आमच्या बापमाणसांचे कान बधिर झालेले. हळू वाचलं तर ऐकू येईना, मोठ्यानं वाचलं तर गल्लीभर. मग नाना त्या माणसाचा हात धरून त्याला गरनाळ्याकडे घेऊन जायचे, रुळांच्या बाजूला. तिथं गाडी धडधडत आली की त्या आवाजाच्या आडोशाला नाना मोठ्यानं पत्र वाचायचे. एक मालगाडी म्हणजे एक पान. आम्ही पोरं लांबून बघायचो. विचारलं तर म्हणायचे, "ज्याचं होतं त्याच्या कानात ठेवून आलो." तीस घरांची गुपितं घेऊन नाना गेले. एकही बाहेर आलं नाही.

फोन आला तो कोपऱ्यावरच्या काकूंकडे. काळा, जड, वर क्रोशाचा रुमाल, डायलच्या भोकात चिमुकलं कुलूप. आमच्या सगळ्यांच्या लग्नपत्रिकांवर तोच नंबर, पुढे कंसात पी.पी. धुळ्याहून फोन आला की काकू गच्चीवरून हाक मारायच्या, आम्ही चप्पल न घालता पळायचो, आणि रिसीव्हर हातात आला की काकू झाडू घेऊन ओट्यावर जायच्या. ओटा आधीच लखलखीत असायचा. तरी बोलणं संपेपर्यंत त्या झाडत राहायच्या. रडत बाहेर आलेल्याला त्यांनी कधी "काय झालं?" विचारलं नाही. पाण्याचा तांब्या पुढे करायच्या. पुढे एस.टी.डी.चं बूथ आलं, काचेचं दार आलं, लाल आकडे पळायला लागले. पण आमची माणसं बोलायचीच अशी खणखणीत, की काचेला काही अर्थ राहत नसे. रांगेतले लोक तेवढ्यापुरते तोंड फिरवून रस्ता बघत उभे राहायचे.

सरकारला तेव्हा आमचं काय ठाऊक नव्हतं? रेशनकार्डावर घरातली माणसं वयासकट लिहिलेली. रेडिओचंसुद्धा लायसन्स असे. पोस्टात जायचं, पैसे भरायचे, पुस्तकावर शिक्का घ्यायचा. जनगणनेचे गुरुजी यायचे, खाटेवर बसायचे, चहा घ्यायचे. पोरं किती, चूल कशावर, पाणी कुठून. आई सगळं सांगायची आणि वाकून बघायची, नीट लिहिलं का. विचारणारा समोर होता. काय लिहितोय ते दिसत होतं. चुकलं तर खोडून घेता येत होतं.

तेव्हाचं सरकार फार सोवळं होतं, असं म्हणायचं नाही. फोन ऐकायचा अधिकार देणारा तार कायदा १८८५ चा आणि पत्र अडवायचा अधिकार देणारा टपाल कायदा १८९८ चा, दोन्ही इंग्रजांचे, आणि दोन्ही आपण तेव्हा जपून ठेवलेले. आणीबाणीत पत्रं फोडली जात, हे जुनी माणसं आवाज खाली आणून सांगत. १९८६ साली संसदेनं टपालाचं एक नवं विधेयक मंजूर केलं, पत्रं अडवायचे हात आणखी लांब करणारं. राष्ट्रपती ज्ञानी झैलसिंग यांनी त्यावर सही केलीच नाही. ते विधेयक तसंच पडून राहिलं आणि शेवटी मागे घेतलं गेलं. आमच्या गल्लीत त्या वेळी याचा कुणाला पत्ता नव्हता. आम्ही आपले शीत चोळत होतो. पण आईच्या त्या शितामागे राष्ट्रपती भवनातला एक माणूस उभा होता, हे पुढे कळलं तेव्हा भरून आलं.

आणि त्याच्याही आधी उत्तर प्रदेशातला खरकसिंग. दरोड्याच्या गुन्ह्यात पुराव्याअभावी सुटलेला. तरी पोलिसांनी त्याची फाइल उघडली आणि रात्री-अपरात्री त्याचं दार वाजवायला लागले. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६२ साली न्यायालयानं रात्रीचं दार ठोठावणं बंद केलं. पण बाहेरून पाळत ठेवायला हरकत नाही, खासगीपणा असा काही मूलभूत हक्क घटनेत नाही, असंही सांगितलं. ही गोष्ट आमच्या कुठल्याही म्हातारीला सांगितली असती तर ती म्हणाली असती, दार वाजवणारा परवडला, न वाजवणाराच वाईट.

मग मोबाइल आला. गल्लीतली पडद्याची जागा ग्रिलच्या दरवाज्यानं घेतली आणि आतल्या प्रत्येकाच्या हातात एकेक दार आलं, सदा उघडं. सुरतेच्या चौकांत २०१३ पासून पोलिसांच्या सेफ सिटीचे कॅमेरे लागले, काही वर्षांत चेहरा ओळखणारी यंत्रणाही आली. त्याचा उपयोग नाही असं कोण म्हणेल? साखळी ओढणारा सापडतो, बाजारात चुकलेलं पोर सापडतं. २०१५ च्या ऑगस्टात पाटीदार आंदोलन पेटलं तेव्हा मोबाइलवरचं इंटरनेट बंद झालं, आणि ज्यांचा आंदोलनाशी काही संबंध नव्हता ते आम्हीही हातातल्या मुक्या डब्याकडे बघत बसलो. ती दोरी कुणाच्या हातात आहे, हे तेव्हा कळलं.

त्याच्या कितीतरी आधी, १९९४ च्या सप्टेंबरात, सुरतेत प्लेग आला होता. माणसं गाड्यांच्या टपावर बसून गावाकडे पळाली. तिथं शिवेवर विचारणा, "सुरतहून आलात?" लोक लांब उभे राहायचे. दुखलं ते, पण जो लांब उभा होता तोच संध्याकाळी भाकरी ठेवून जायचा. २०२० च्या साथीत महापालिकेनं अ‍ॅप काढलं, घरी विलग ठेवलेल्या माणसाला आपलं ठिकाण फोनवरून कळवत राहावं लागे. साथ होती, गरज होती, आम्ही कळवलं. त्या साऱ्या नोंदी पुढे कुठं गेल्या, ते आम्हांला कुणी सांगितलं नाही.

"आपल्याला काय लपवायचंय?" असं आमच्यातले पुष्कळ म्हणतात. भली माणसं आहेत, मनापासून म्हणतात. त्यांना आम्ही मोरीची आठवण करून देतो. दहा बाय दहाच्या खोलीतही कोपऱ्यातल्या मोरीला पडदा होता. त्या पडद्याआड बाई काही चोरी करत नव्हती. सुरतेतल्या मराठी माणसानं हेरगिरीवर बोलावं, याचंही कुणाला नवल वाटेल. १६६४ साली महाराज इथं येण्याआधी बहिर्जी नाईकांनी वेश पालटून शहर पाहून ठेवलं होतं, अशी कथा आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. राज्याला डोळे लागतातच. पण त्या कथेतले बहिर्जी मोगलांच्या ठाण्यात फिरत होते. आपल्याच रयतेच्या मोरीत डोकावत नव्हते.

फोन ऐकायचा तर खाकरूनच, असं सर्वोच्च न्यायालय १९९६ साली आपल्या भाषेत म्हणालंच होतं. पी.यू.सी.एल. या संघटनेच्या याचिकेवरचा तो निकाल: हुकूम गृहसचिवाचा हवा, तो दोन महिन्यांपुरताच, लांबवला तरी सहा महिन्यांच्या वर नाही, आणि तो योग्य होता का ते समितीनं तपासायचं. मात्र ती समितीही सरकारी अधिकाऱ्यांचीच. ज्याचं ऐकलं गेलं त्याला निदान मागाहून कळवावं, असं आजही कायद्यात नाही. पुढे २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. खरकसिंगच्या निकालातली ती चूक पंचावन्न वर्षांनी दुरुस्त झाली. दाद मागणारे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी तेव्हा नव्वदी ओलांडलेले. नाना असते तर त्या दिवशी त्यांनी शाळेत पेढे वाटले असते.

सव्वा वर्ष उलटून गेलं आणि २० डिसेंबर २०१८ ला गृह मंत्रालयानं दहा यंत्रणांची नावं जाहीर केली, कुठल्याही संगणकातला मजकूर अडवायला, बघायला, उकलायला अधिकार असलेल्या. २०२३ साली माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात दुकानदारानं, बँकेनं, कंपनीनं आपली माहिती कशी सांभाळायची ते सांगितलं आहे. आणि सरकारला वाटेल त्या आपल्या यंत्रणेला त्या कायद्यातून मोकळं ठेवण्याची मुभाही दिली आहे. त्याच वर्षी नवा टपाल कायदा आला. पत्र अडवायचा अधिकार त्यातही आहे, आणि या वेळी सही झाली.

आमचं मागणं फार मोठं नाही. चोर धरा, दंगेखोर धरा, त्यासाठी ऐकावं लागलं तर ऐका. पण पडद्याशी आधी खाकरा. कुणी सांगितलं म्हणून आलात ते सरकारबाहेरच्या कुणाला, एखाद्या न्यायाधीशाला तरी, आधी दाखवा. काम झालं की, ज्याच्या घरात शिरलात त्याला सांगा. आणि काही सापडलं नाही तर लिहिलेलं फाडून टाका, उंबऱ्याबाहेर, कोपरा फाटलेल्या कार्डासारखं.

नाना होते तेव्हाच्या एका पावसाळ्यात मिठी खाडी फुगली आणि रातोरात गल्लीत शिरली. पाणी ओसरलं तेव्हा ट्रंका, गाद्या, बिबड्यांचे डबे, सगळं चिखलात एकमेकांत मिसळलेलं. प्रत्येक घरात तारेत ओवून ठेवलेली पत्रं असायची; त्या तारा सुटून तीस घरांची पत्रं एक झालेली. काकूंच्या गच्चीवर दोऱ्या बांधल्या आणि बायकांनी ती एकेक सोडवून वाळत घातली. निळी आंतर्देशीयं, पिवळी कार्डं, शाई उतरलेली, काही मात्र अगदी स्वच्छ वाचता येतील अशी. तोवर आम्हां पोरींना वाचता येत होतं. नानांनी आम्हांला गच्चीवर बोलावलं आणि एकच गोष्ट सांगितली: पत्त्याची बाजू वर ठेवायची.

दोन दिवस आम्ही पत्ते वाचत होतो आणि ज्याचं त्याच्या घरी नेऊन देत होतो. नानांच्या नावचीही होती सात-आठ, एकाच वळणदार अक्षरातली, अमळनेरची. ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती कोटाच्या आतल्या खिशात घातली. त्यांत काय होतं, ते आम्हांला आजही ठाऊक नाही.