जीपचा श्वास

ज्या वाहनास सारे जग जीप म्हणते, त्याची अमेरिकी लष्कराच्या दप्तरातील नोंद ‘पाव टनी ट्रक’ अशी होती. १९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड यांनी मिळून असे सहा लाखांवर ट्रक बांधले. त्यांतलीच एक जीप, लष्कराने लिलावात काढलेली, १९८६ साली निमाडात आमच्या दिमतीला होती.

तिचा कार्बुरेटर कार्टर बनावटीचा. एअर क्लीनर त्याच्या माथ्यावर नसून बाजूला, आणि दोहोंना जोडणारी पत्र्याची नळी. क्लीनरच्या तळाशी इंजिनाचेच तेल भरायचे. आत शिरलेली हवा तेलावर आदळून एकदम वर वळते. जड धूळ तेलात बुडते, उरलेली तेलाने भिजलेल्या जाळीत अडकते. तेल खुणेपुरतेच हवे. अधिक झाले तर इंजिन तेच ओढून घेते. निमाडातील गाडवाटांची धूळ ज्यांनी खाल्ली आहे, त्यांस या डब्याचे मोल सांगणे न लगे.

आमचे चालक दर दौऱ्यानंतर हे तेल स्वतः बदलीत. पुढे कार्बुरेटर झिजला, तेव्हा भांडाराने बाजारातून भलत्याच बनावटीचा आणून दिला. त्याचे तोंड निराळ्या मापाचे. जुनी नळी बसेना. चालकांनी लेखी कळविले. उत्तर आले नाही, आणि दौरे तर थांबत नव्हते. जीप उघड्या तोंडाने धावली. वर्षाच्या आत पिस्टनच्या रिंगा घासून गेल्या, निळा धूर निघू लागला, आणि निष्काळजीपणाचा ठपका चालकांवर येऊन त्यांची वेतनवाढ रोखली गेली.

चौकशी आमच्याकडे आली. आम्ही लिहिले की, कार्बुरेटर बदलताना क्लीनरचा विचार न करणे हाच मूळ दोष होय. तो विचार केवळ नळीच्या मापाचा नसतो. ज्या कार्बुरेटरमध्ये पेट्रोलच्या वाटीला हवा बाहेरून मिळते, त्यावर हवा अडविणारा क्लीनर चढविला की पेट्रोल जास्त ओढले जाते व काळा धूर येतो. वाटीची हवा क्लीनरच्या आतूनच घेतली, तर हा दोष बराचसा टळतो. १९५१ पासूनच्या डॉज एम-३७ या लष्करी ट्रकवर, पाण्यातून जाता यावे म्हणून कार्बुरेटर बंदिस्तच केलेला होता. त्यावर बाजारू कार्बुरेटर बसविणाऱ्या हौशी मंडळींनी ओढ्यात उतरण्याची हौस मात्र आवरावी!

चालकांची वेतनवाढ त्यांना मिळाली, पण दोन वर्षांनी, निवृत्तीच्या तोंडावर. जीप लिलावात गेली. यादीत तिच्याखाली स्वतंत्र नोंद होती: ‘एअर क्लीनर, सुस्थितीत, नग १’.