रिकामा आरसा

माझ्या उजव्या आरशात हल्ली मागची गाडी दिसते, पण ती कुणाची ते कळत नाही. एकाच बनावटीच्या गाड्यांच्या शर्यतीत सगळी नाकं सारखीच. माणूस ओळखायचा तो हेल्मेटच्या रंगावरून, फार तर नाकावरच्या पट्ट्यावरून. आणि मागे कोण आहे यावर माझं पुढचं सगळं ठरतं. एकजण आत शिरण्याची नुसती हूल देतो, दुसरा खरोखर शिरतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चाळिशीचा नंबर वाढल्याचं सांगून प्रोग्रेसिव्ह काचा दिल्या. त्या काचांच्या कडेला सगळं जरा वाकडं दिसतं, आणि शर्यतीत आरसा बघायचा असतो तो कडेनंच.

सपाट आरशातली प्रतिमा खऱ्या अंतराइतकीच लांब असते, त्यामुळे दूरवर लावलेली नजर तशीच आरशावर नेली तरी भागतं. बहिर्वक्र आरशात जास्त परिसर मावतो, पण त्यातली गाडी लहान होते, लांब भासते, आणि तिची प्रतिमा काचेच्या थोडी मागेच तयार होते. म्हणजे डोळ्यानं दुरून एकदम जवळ यायचं आणि लगेच परत दूर जायचं. तरुणपणी हे होतंय याचाही पत्ता नव्हता. ताशी 150 किलोमीटर वेगाला अर्ध्या सेकंदात गाडी 20 मीटरच्या पुढे गेलेली असते, आणि मला आता अर्धा सेकंद पुरत नाही.

हे झालं वयाचं. ज्या गोष्टीशी मी पहिल्यापासून झगडतोय, ती वयाआधीची आहे. आरशात गाडी दिसतेय तोवर मी निर्धास्त असतो. ती आरशातून निसटते आणि डोळ्याच्या कोपऱ्यात अजून उगवलेली नसते, तेवढ्या वेळात माझ्याकडे तिची काहीच खबर नसते. मानेच्या संरक्षणासाठी खांद्यावर बसवलेल्या हान्समुळे आणि हेडरेस्टच्या गादीमुळे मान वळत नाही. आडवं पसरून बसल्यामुळे डोळे मागच्या टायरच्या उंचीवर, आणि बाजूचा बराचसा भाग तो टायरच झाकतो. नेमकं त्याच वेळी तिचं पुढचं चाक माझ्या मागच्या चाकाशी आलेलं असतं.

बंद गाडीच्या शर्यतीत त्या जागी पत्रा पत्र्याला घासतो. आमच्या उघड्या चाकांच्या गाड्यांत टायरला टायर भिडतो. माझ्या मागच्या टायरची मागची बाजू खालून वर जात असते, मागून येणाऱ्याच्या पुढच्या टायरची पुढची बाजू वरून खाली येत असते. दोन्ही मिळून त्याला वर फेकतात. 2010 साली व्हॅलेन्सियाच्या फॉर्म्युला वन शर्यतीत मार्क वेबर समोरच्या कोवालायनेनच्या गाडीवर मागून आदळून हवेत उलटा झाला, तो असाच. चाकात चाक अडकलेलं असताना शेजारच्यानं घाबरून ब्रेक लावला तर उलटं घडतं: त्याचं पुढचं चाक माझ्या मागच्या चाकाला पुढून भिडतं आणि वर उडतो तो मी. म्हणून शेजारी आलेल्यानं अर्धवट माघार घेणं मला त्याच्या घुसण्यापेक्षा जास्त भीतीचं वाटतं.

पुण्या-कोल्हापूरच्या आम्हा हौशी लोकांना सिंगल-सीटर चालवायची तर बहुतेक वेळा कोइम्बतूरचं करी किंवा चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई गाठावं लागतं. मारुती 800 च्या भागांवर फॉर्म्युला मारुती उभी करून ज्यांनी ही गाडी आमच्या आवाक्यात आणली, ते एस. करिवर्धन 1995 मध्ये विमान अपघातात गेले. 2003 मध्ये सुरू झालेला करीचा ट्रॅक त्यांच्याच नावाचा आहे. जेमतेम 2.1 किलोमीटरचा. शर्यतीत मागचा माणूस सतत मानगुटीवर असतो, कारण दम घ्यायला लांब सरळ रस्ताच नाही.

तिथल्या पिटमध्ये एका दुपारी आरसा आणि डोळ्याचा कोपरा यांच्यामधली ही आंधळी जागा मोजून काढली. पट्टे आवळून, हेल्मेट-हान्स चढवून, व्हायझर पाडून मी बसलो. मेकॅनिकनं एक सुटं चाक उभं धरून मागून माझ्या उजव्या अंगानं हळूहळू पुढे लोटत आणलं. आरशातून ते गेलं तसा मी हात वर केला, त्यानं फरशीवर खडूनं रेघ मारली. मग नजर समोर ठेवून बसलो. चाक डोळ्याच्या कोपऱ्यात आलं तेव्हा पुन्हा हात, पुन्हा रेघ. दोन रेघांच्या मध्ये ते चाक आडवं पडून वर हातभर जागा उरली. आरसा बाहेर वळवला तर मागची रेघ पुढे सरकते, पण मग थेट मागे लागलेली गाडी दिसेनाशी होते. किती फिरवाफिरवी केली तरी दोन्ही रेघा एक होईनात. डावीकडे तीच कथा, फक्त रेघा वेगळ्या.

माझ्याकडे शिकायला येणारी कोल्हापूरची मुलगी ते उभी राहून बघत होती. म्हणाली, "सर, आरसा मोकळा झाला की मी धरते, तो गेला."

"गेला तर पुढं दिसायला हवा. पुढं नाही, मागं नाही, म्हणजे शेजारी आहे."

तिला हे सांगावं लागलं याचं मला आश्चर्य वाटलं नाही. ती कार्टिंगमधून आलीय आणि कार्टला आरसा नसतो. ती मुलं आवाजावर चालवतात, आणि ऊन तिरपं असेल तर सावलीवर. शेजारच्याची सावली त्याच्या आधी पोचते, हे मला तिनंच दाखवलं आणि मी ते आता वापरतो. माझी तक्रार आहे ती सिम्युलेटरवरून थेट ग्रिडवर येणाऱ्यांबद्दल. त्यांच्या पडद्यावर शेजारी गाडी आली की खूण उमटते, कानात कुणीतरी डावी-उजवी सांगतं. लाइन त्यांची सुरेख असते, ब्रेकिंग माझ्यापेक्षा उशिराचं. पण आंधळ्या जागेतला माणूस मनात धरून ठेवायची सवय त्यांना लागलेलीच नसते. कुणी सांगितलं नाही म्हणजे कुणी नाही, अशा समजुतीनं ते एपेक्सवर, म्हणजे वळणाच्या आतल्या बिंदूवर, गाडी टाकतात.

दुसरे आहेत ते सज्जन. मागच्या वेगवान गाडीला जाऊ द्या असं सांगणारा निळा झेंडा दिसला की कॉर्नरच्या मधोमध लाइन सोडून बाजूला होणारे. मागून येणाऱ्या वेगवान गाडीनं कुठून जायचं ते आधीच ठरवलेलं असतं आणि हे सौजन्यानं नेमके तिथेच जाऊन उभे राहतात. मला ते आडदांडांपेक्षा धोक्याचे वाटतात. बघा, कळलं असं दाखवा आणि आपल्या लाइनवर राहा. आत जागा हवी असेल तर सरळ रस्त्यावर द्या.

मोठ्या शर्यतींकडूनही या बाबतीत मी फार शिकलो नाही. फॉर्म्युला वनवाल्यांनी हवेच्या फायद्यासाठी आरसे पार साइडपॉडच्या टोकाला नेले होते. 2010 च्या हंगामात ते बंद करावे लागले. आरशाची रुंदी 150 वरून 200 मिलिमीटर व्हायला 2023 उजाडलं. पहिल्या इंडी 500 मध्ये, 1911 साली, रे हॅरोननं मागचं बघणारा मेकॅनिक शेजारी न बसवता आरसा लावला आणि शर्यत जिंकली. विटांच्या ट्रॅकवर तो आरसा इतका थरथरायचा की काही दिसतच नव्हतं, असं त्यानं पुढे सांगितल्याचं म्हणतात. त्याच्यावर माझा विश्वास बसतो, कारण माझाही आरसा वरच्या आरपीएमला थरथरतो. मोटर शर्यतींची जागतिक संघटना एफआयए हिनं 2025 मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचना मात्र मला पटतात. आतून ओव्हरटेक करणाऱ्याचा पुढचा अ‍ॅक्सल एपेक्सपर्यंत समोरच्याच्या आरशाशी पोचलेला असेल तर त्याला जागा द्यायची. म्हणजे निवाड्याची रेघसुद्धा आरशावरच.

माझा खरा लोभ वेगळाच आहे. मला मागे अडकलेली गाडी आरशात बघायला आवडतं. माझ्यापेक्षा वेगवान पोरगा लॅपमागून लॅप तिथेच खोळंबलाय, डावी-उजवी करतोय, हे दृश्य मला पोडियमपेक्षा प्यारं आहे. त्यासाठी गरजेपेक्षा जास्त वेळा नजर तिकडे जाते आणि माझा वेळ बिघडतो. 'याच्या शेजारून बिनधास्त जा, हा अंगावर येत नाही,' असं पॅडॉकमध्ये माझ्याबद्दल बोलतात, तेही मला ऐकू यावंसं वाटतं. चष्मा हेल्मेटखाली घालायचं मी लांबवतोय, ते ही कीर्ती सांभाळण्यासाठी. ग्रिडवर चष्म्यात दिसलो की आत घुसणाऱ्यांना हुरूप येईल असं मला खरंच वाटतं.

यंदा सरावाच्या गाडीला उजवीकडे बहिर्वक्रच्या जागी सपाट आरसा लावलाय. मागची गाडी पुन्हा धारदार दिसते, हेल्मेटचा रंग कळतो. पण पुन्हा खडूनं मोजलं तर दोन रेघांमधलं अंतर वाढलं. मुलीचं म्हणणं, ज्याला नीट बघून ओळखायचंय तो इतक्यात अंगावर येणारच नाही, तेव्हा बहिर्वक्र आरसाच ठेवा आणि चष्मा घाला. माझं म्हणणं, तो कोण हे कळलं की तो आरशातून नाहीसा झाल्यावर काय करेल ते मला कळतं. पुढच्या सरावाला ती माझ्या उजव्या अंगाला गाडी लावणार आहे, आधी एका आरशावर, मग दुसऱ्यावर. मेकॅनिकला खडू आणायला सांगितलंय.