हातगुण

परभणीच्या जुन्या वस्तीत वाढलेल्या माझ्या पिढीतल्या मुलींना वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी एक दिवस कळायचं, की आपल्या हातात काहीतरी उतरलं आहे. कालपर्यंत याच हातांनी परडीभर फुलं तोडली, गौरी-महालक्ष्म्यांसाठी आघाडा-दूर्वा आणल्या, तुळशीला पाणी घातलं. आजपासून मात्र हात लागला तर तुळस जळेल, मोगरा मान टाकेल, लोणच्याला बुरशी धरेल, पापड लाल होतील. हे कुणी समोर बसवून समजावत नसे. "हात लावू नको माय," एवढंच आजी म्हणायची, आणि तेही मायेनं. पण ज्या मुलीला ते ऐकावं लागे, तिला त्यातलं सगळं समजत असे.

लोककथांतल्या मुलींचं असं नव्हतं. त्या हसल्या की फुलं पडत, रडल्या की मोती. ती जादू मुलीला मोठं करणारी होती, तिच्यामुळे राजवाड्याची दारं उघडत. प्रत्यक्ष घरात मुलीच्या वाट्याला जी जादू आली ती फक्त सुकवणारी. मला फार वर्षं याचं कोडं वाटत आलं आहे. वयात आलेल्या मुलीच्या हातात एवढी शक्ती आहे यावर ज्या समाजाचा पक्का विश्वास होता, त्याला त्या हातानं एखादं फूल टवटवीत होईल असं एकदाही का वाटलं नसेल?

आमच्या अंगणात मोगरा होता. मराठवाड्याचा उन्हाळा मोगऱ्याला मानवतो. वैशाखात दुपारी पाय भाजत आणि संध्याकाळी त्याच अंगणात पाणी मारलं की कळ्यांचा वास घरभर पसरे. मी बाहेर बसले होते त्या दिवसांत एका संध्याकाळी कुणी पाहत नाही असं बघून मी एक कळी चिमटीत धरली. तोडली नाही, नुसती धरली, बराच वेळ. खूण म्हणून तिच्या देठाला वेणीतला लाल धागा बांधला. रात्री झोप लागली नाही. सकाळी कळी शेजारच्या कळ्यांसारखीच उमलली होती, धाग्यासकट.

खरं तर तिथंच भीती संपायला हवी होती. ती संपली नाही. मला वाटलं, देवानं एकदा माफ केलं. पुरावा डोळ्यांसमोर फुललेला असताना मन त्याला अपवाद ठरवून मोकळं होतं, इतकी ती शिकवण खोल गेलेली असते. म्हणून पुढं जेव्हा बेला शिकविषयी वाचलं, तेव्हा मला त्या माणसाचा राग आला त्यापेक्षा जास्त ओळख पटली.

बेला शिक हा व्हिएन्नातला बालरोगतज्ज्ञ. घटसर्पाची 'शिक चाचणी' शोधणारा, म्हणजे ऐरागैरा नव्हे. कुणी दिलेली ताजी फुलं त्यानं घरातल्या मोलकरणीकडे पाण्यात ठेवायला दिली. दुसऱ्या दिवशी ती सुकलेली दिसली. विचारल्यावर ती म्हणाली, माझी पाळी चालू असली की असंच होतं. शिकनं मग पाळीत असलेल्या आणि नसलेल्या बायकांच्या हातात फुलं देऊन पाहिली, आणि 1920 साली लेख लिहून जाहीर केलं की पाळीच्या काळात स्त्रीच्या शरीरात एक विष तयार होतं. त्याला 'मेनोटॉक्सिन' असं नावही मिळालं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या डेव्हिड माक्ट यांनी त्याच दशकात रोपांच्या मुळांवर प्रयोग करून हे विष खरं असल्याचं सांगितलं. पहिल्या शतकात रोममधल्या प्लिनीनं आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं होतं की अशा स्त्रीच्या स्पर्शानं रोपं वाळतात आणि झाडाखाली ती बसली तर फळं गळतात. आमच्या आजीनं प्लिनी वाचलेला नव्हता आणि शिकनं आमच्या आजीला ऐकलेलं नव्हतं. तरी तिघांचं म्हणणं एकच. पुढं 1953 मध्ये बर्नहार्ड झोंडेक यांनी दाखवलं, की शरीराबाहेर पडलेल्या पाळीच्या रक्तात जी काही विषारीपणाची लक्षणं दिसतात ती जंतूंमुळे. वेगळं असं विष त्यात नसतं.

या सगळ्या हकिकतीत माझं मन त्या मोलकरणीपाशी अडकतं. फुलं सुकण्याला शंभर कारणं असतात: देठ तिरपा न कापणं, पाणी शिळं असणं, खोलीत शेगडी असणं. पण तिनं विचारल्याबरोबर उत्तर दिलं, आणि ते स्वतःच्या देहाविरुद्ध दिलं. तिलाही तेराव्या वर्षी कुणीतरी सांगितलं असणार. विज्ञानाच्या इतिहासात शिकचं नाव राहिलं, तिचं नाव मी वाचलेल्या कुठल्याही हकिकतीत नाही. फक्त तिची कबुली आहे.

आणि गंमत म्हणून नव्हे, दुःख म्हणून सांगते, की ही बंदी सगळ्यांच्या हातांना कधीच नव्हती. देवळापुढं गजरे आणि हार ओवणाऱ्या बाया महिन्याचे तीसही दिवस ओवतात. त्यांना चार दिवस सुट्टी घेऊन परवडत नाही. पूर्णा, पाथरी, सेलू, मानवत, कुठंही जा, वेचणीच्या दिवसांत कापसाच्या ओळीत बाया असतात; त्यांना कुणी विचारत नाही. देवाच्या गळ्यात जे फूल पडतं ते कितीतरी अशा हातांतून आलेलं असतं. नियम घरातल्या मुलीला, आणि मजुरीच्या वेळी तोच नियम गप्प. ज्या श्रद्धेला मजुरीच्या गरजेपुढं वाट सोडता येते, तिला वयात येणाऱ्या मुलीपुढंही सोडता यायला हवी होती.

माझी भाची आता दहावीत आहे. गेल्या पावसाळ्यात परसात तिनं लाल भोपळ्याचा वेल लावला. वेल मांडवभर पसरला, पिवळीधमक फुलं लागली, पण कोवळी फळं लिंबाएवढी झाली की पिवळी पडून गळायची. माझी आई म्हणाली, कुणीतरी बोट दाखवलं असणार. कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते कुजतं, हे आमच्याकडं लहान लेकरालाही ठाऊक. पोरीनं वाद घातला नाही. ती दोन-तीन दिवस पहाटे उठून वेलापाशी बसली. मग मला हाक मारून म्हणाली, "आत्या, माश्याच येत नाहीयेत." श्रावणाची झड लागली होती, अशा पावसात मधमाशी बाहेर पडत नाही.

भोपळ्याचं फूल सकाळी लवकर उमलतं आणि ऊन चढेपर्यंत मिटतं. नर फुलाचा देठ लांब, बारीक. मादी फुलाच्या बुडाशी आधीपासूनच इवलासा भोपळा असतो. परागकण त्याच सकाळी तिथं पोचले नाहीत, तर तो भोपळा वाढत नाही, गळून पडतो. तिनं एक नर फूल तोडलं, त्याच्या पाकळ्या सोलून टाकल्या, मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलक्या हातानं फिरवला. आठवड्याभरात फळानं मान वाकवली आणि बघता बघता मुठीएवढं झालं. ती रोज त्याला हात लावून बघायची. एकदा माझ्याकडं वळून तिनं विचारलं, "हे मी केलं ना?" त्या वेळचा तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. स्वतःच्या बोटांकडं ती अशी बघत होती, जशी ती तिला आजच मिळाली होती.

मग मी तिला एडमंड आल्बियसची गोष्ट सांगितली. हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर व्हॅनिलाचे वेल नेऊन लावले होते, फुलं यायची, शेंगा मात्र धरत नसत, कारण मेक्सिकोत ते काम करणारी माशी तिथं नव्हती. 1841 साली एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं एका बारीक काडीनं फुलातला पडदा उचलून अंगठ्यानं पराग दाबले, आणि शेंग धरली. आजही जगभर व्हॅनिलाचं फूल बहुतेक ठिकाणी त्याच रीतीनं हातानं फळवलं जातं. गुलामी सुटल्यावर त्याला आडनाव मिळालं, पैसा मिळाला नाही. 1880 मध्ये तो गरिबीतच गेला. भाचीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपल्याकडं असं कोण करतं?"

आपल्याकडं करतात, कापसाच्या फुलांवर तिच्याच वयाच्या मुली करत आल्या आहेत. 1970 मध्ये सुरतेच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी 'एच-4' हे जगातलं पहिलं व्यापारी संकरित कापूस वाण काढलं. आमच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना 1972 ची. त्याच्या नांदेडच्या कापूस केंद्रातून आलेलं 'एनएचएच-44' इकडच्या कोरडवाहू रानांत वर्षानुवर्षं पिकलं. शेतकऱ्यांच्या तोंडी ते नुसतं 'चव्वेचाळीस'. पण संकरित कापसाचं बी प्रयोगशाळेच्या नळीत होत नाही. ते फुलाफुलावर हातानं करावं लागतं. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी हेरायची, अंगठ्याच्या नखानं पाकळ्यांसकट पुंकेसरांची नळी सोलून काढायची, आतला नाजूक स्त्रीकेसर दुखावता कामा नये. त्यावर खूण करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या ओळीतलं ताजं फूल आणून त्याचे पराग त्यावर फिरवायचे. याला सगळे 'क्रॉसिंग' म्हणतात. हंगामभर रोज, हजारो कळ्या. आंध्र-तेलंगणातल्या बियाण्यांच्या शेतांत या कामावर शाळकरी वयाच्या मुली मोठ्या संख्येनं राबवल्या गेल्या, हे दोन दशकांपूर्वीच्या पाहण्यांतून उजेडात आलं. त्यांची बोटं चपळ, त्यांची उंची झाडाएवढी, आणि त्यांची मजुरी कमी, हीच निवडीची कारणं. शाळा सुटली, फवारणीचं औषध अंगावर आलं. त्यांच्या हातगुणावर कंपन्यांची पाकिटं भरली आणि पाकिटावर कंपनीचं नाव छापलं गेलं.

तेव्हा आमच्या समाजाला मुलीच्या बोटांची खरी ताकद कधी माहीतच नव्हती, असं म्हणता येत नाही. ती शेतात माहीत होती आणि वापरली गेली. तिचं कौतुक तेवढं झालं नाही. कौतुकाच्या जागी विटाळ सांगितला गेला.

याच जिल्ह्यात गोदेकाठी गंगाखेड आहे, जनाबाईंचं गाव. लहान वयात ही मुलगी पंढरपुरात नामदेवांच्या घरी कामाला गेली. दळण, कांडण, शेण, गोवऱ्या, धुणं, हे तिचं आयुष्य. आणि तिच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, तिची वेणी घालतो. देवानं तिच्या अंगाला हात लावण्यात तिला काही अवघड वाटलं नाही. त्याच काळातल्या चोखोबांच्या सोयराबाईंनी तर विटाळाचाच जाब विचारला आणि त्यापासून कुणाचाच देह सुटलेला नाही, हे सांगून टाकलं. हे अभंग आमच्या घरी आजीच म्हणायची. त्याच तोंडानं ती "हात लावू नको माय" म्हणायची. मी तिला दोष देत नाही. तिलाही कुणी तेच सांगितलं होतं आणि तिचा मोगरा कुणी धाग्यानं बांधून पाहिला नव्हता.

भाद्रपदात एका सकाळी भाची वेलाकडं निघाली तेव्हा तिची पाळी चालू होती. ते तिनं तिच्या आजीला, म्हणजे माझ्या आईला, सांगितलं, लपवलं नाही, आणि म्हणाली, "आज चार मादी फुलं उमललीत, मला थांबता येणार नाही." माझी आई ओट्यावर भाजी निवडत होती. ती काही बोलली नाही. पोरगी गेली, फुलं फळवून आली, हात धुतले. त्यातली तीन फळं धरली, एक गळालं. गळालेल्या फळाचं कारण आईनं शोधलं ते असं: "त्याला फळमाशीनं टोचलंय." तिनं ते कापून आतली अळी मला दाखवली.

महाराष्ट्राच्या दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये सजीवांतील जीवनप्रक्रियांचा एक पाठ आहे. त्यात फुलाची रचना आणि परागण येतं, आणि थोडी पानं उलटली की त्याच पाठात मुलीचं ऋतुचक्र येतं. बरेचदा दुसरा भाग वर्गात घाईनं उरकला जातो, किंवा "घरी वाचा" म्हणून सोडून दिला जातो. परभणी जिल्ह्यातल्या विज्ञानाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: जूनमध्ये शाळेच्या कुंपणाला भोपळ्याचा एक वेल लावा. फुलं लागली की हा पाठ वेलापाशी घ्या, दोन्ही भाग एका दमात. परागणाचं काम मुलींच्या हातून करून घ्या, आणि त्या दिवशी कुणाची पाळी असेल तर तिला मागं उभं करू नका.