कोयता आणि करार

दसरा उलटला की आमच्या बीड जिल्ह्यात ट्रॅक्टर, ट्रक भरू लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला कारखान्यांकडे निघतात. नवराबायकोच्या जोडीला इकडे ‘कोयता’ म्हणतात. हिशेब कोयत्याचा, माणसाचा नव्हे.

एखाद्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलीला परदेशी संघाने घेतल्याची बातमी वाचली, की माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराला हा कोयताच आठवतो. तिथेही पैसा असतो, करार असतो. आणि हिशेब बहुधा पायांचा होतो.

मणिपूरच्या बाला देवीचे पाहा. २०२० च्या जानेवारीत स्कॉटलंडच्या रेंजर्स संघाने तिला करारबद्ध केले. ती ग्लासगोत स्थिरावते न स्थिरावते तोच करोनाने मैदाने बंद पाडली. पहिला गोल व्हायला डिसेंबर उजाडला. मायदेशी गोलांची रास घालणारे पाय तेच होते हो!

अमेरिकेची ॲलेक्स मॉर्गन तर जगज्जेत्या संघातली. त्याच वर्षी मे महिन्यात ती आई झाली, सप्टेंबरात लंडनच्या टॉटनहॅमकडे आली आणि डिसेंबरात परतली. पदरी गोल दोन. याला फसलेला व्यवहार म्हणावे काय? तान्हे मूल, नवा देश आणि सावरणारे शरीर घेऊन केलेले ते दोन गोल ज्यात मावत नाहीत, तो हिशेबच तोकडा.

चेंडू कुठे येणार हे खेळणारी नुसत्या डोळ्यांनी ओळखत नाही; सोबतिणीच्या सवयीवरून ओळखते. ती सवय जडायला सहवास लागतो, बोली लागते, खेळ संपल्यावर चहाला हाक मारणारे कुणी लागते. या गोष्टी करारात लिहून मिळत नाहीत.

माझ्या वर्गात एका कोयत्याची मुलगी आहे. गावच्या शाळेत ती वक्तृत्वात पहिली येई. कारखान्यावरच्या शाळेत मात्र मुकी होई. कारण विचारले तेव्हा म्हणाली, “सर, तिथं माझं नाव कुणाला ठावं नव्हतं. कोयत्याची पोरगी, एवढंच.”

यंदा ती वसतिगृहात राहिली आहे. धाकटी बहीण मात्र आईबापांबरोबर फडावर गेली. दिवाळीचा फराळ पुढे आला की एवढेच मनात येते, तिकडच्या शाळेत पहिल्याच दिवशी कुणीतरी त्या पोरीला तिचे नाव विचारलेले असावे.