जबड्याची ओढ

दात पडला की आरशात खिंडार दिसतं. खरी पडझड मात्र हिरडीखाली सुरू होते. जबड्याचं हाड चावण्याच्या दाबावर जगतं. घासागणिक दाताचं मूळ किंचित दबतं, तो दाब हाडाला पोचतो आणि हाड स्वतःला भरत राहतं. मूळ गेलं की हे काम संपतं. मग हाड झिजू लागतं, पहिल्या वर्षात सगळ्यांत वेगानं. गाल आत जातात, ओठांचा आधार सुटतो, हनुवटी नाकाकडे झुकते. बोळकं म्हणून आपण ज्याला हसतो, तो खरं तर निकामी पडलेल्या हाडाचा चेहरा असतो.

वरची कवळी टाळूला चिकटून निदान टिकते. खालचीला टेकायला झिजलेल्या हाडाची अरुंद कड, आणि मधे सतत हलणारी जीभ. माझी मावशी बोलताबोलता जिभेनं ती जागेवर दाबायची. पौष-माघात शेतावर हुरडा भाजला की गरम कणसं तळहातावर चोळून, फुंकर मारून, हिरवे दाणे आम्हा पोरांच्या ओंजळीत टाकायची. स्वतः एकही खायची नाही. एक दाणा कवळीखाली सरकला तरी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

अशांच्या मदतीला आलं ते इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचा धातूचा स्क्रू. त्याची सुरुवात दाताशी संबंध नसलेल्या प्रयोगातून झाली. १९५२च्या सुमारास स्वीडनमधल्या लुंडला पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या पायाच्या हाडात रक्त कसं वाहतं ते पाहत होते. त्यासाठी टायटॅनियमची बारीक नळकांडी हाडात बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती काढायला गेले, तर निघेनात. हाडानं धातूला घट्ट धरून ठेवलं होतं. परकी वस्तू शरीर बाहेर लोटतं, हा तेव्हाचा पक्का समज. इथे तर हाड धातूवर रुजलं होतं. १९६५ साली गोटेबोर्गमध्ये यस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमचे चार स्क्रू बसवले. लार्सनचा जबडा जन्मापासूनच सदोष होता. ते स्क्रू २००६ साली त्याचा मृत्यू होईपर्यंत त्याच्या तोंडात टिकले. दंतवैद्यकाच्या जगाला मात्र हे पटायला १९८२ची टोरंटोची परिषद उजाडावी लागली.

तरी इम्प्लांट म्हणजे दात नव्हे, हे मला ठामपणे सांगावंसं वाटतं. आपल्या मुळाभोवती तंतूंची एक पातळ गादी असते. भातात केसाएवढा खडा आला तरी ती तत्क्षणी ओळखते. स्क्रूभोवती ती नसते. धातू थेट हाडाला भिडलेला असतो. दाब कळतो, पण उशिरा आणि बोथट. म्हणून जो दात वाचवता येईल तो आधी वाचवावा. साखर आटोक्यात नसेल किंवा तंबाखू-मिश्री सुटत नसेल, तर हाडही स्क्रूला नीट धरत नाही.

मावशीला सगळे दात बसवणं झेपणारं नव्हतं. डॉक्टरांनी खालच्या जबड्यात दोनच इम्प्लांट घातले. हाड रुजेपर्यंत काही महिने थांबायला लावलं आणि मग त्यांवर कवळी अडकवली. टक् असा आवाज आला. तिनं जिभेनं ढकलून पाहिलं, हलली नाही. पुन्हा ढकलली. मग तिनं हाताची सगळी बोटं हनुवटीवर ठेवली आणि डॉक्टरांना विचारलं, "भाकरीची कड चालेल का हो?"

खालचे सगळे दात गेलेल्यांना किमान हे दोन खुंट मिळावेत, असा विचार २००२ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी मांडला होता. आपल्याकडे एका इम्प्लांटचाच खर्च हजारोंच्या घरात जातो. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी दंत महाविद्यालयांत कवळीचं माप द्यायला खेड्यापाड्यांतून म्हातारी माणसं येतात. त्यांच्या खालच्या कवळीला हे दोन आधार परवडणाऱ्या दरात मिळायला हवेत. मऊ भात गिळत काढायला उरलेलं आयुष्य फार मोठं असतं.