भिवंडीची पावर

भिवंडीच्या गल्लीत मागांची खटखट एकाएकी थांबली, धोटा अर्ध्या वाटेत राहिला, की सगळीकडून एकच उद्गार निघतो : पावर गेली. त्याच गल्लीच्या टोकाला चष्म्याच्या दुकानात कुणाच्या डोळ्यांची पावर वाढलेली असते. औषधाच्या दुकानात जास्त पावरची गोळी मागितली जाते. जमिनीच्या व्यवहारात एकाने दुसऱ्याला पावर लिहून दिलेली असते, आणि निवडणूक आली की अमक्याकडे पावर आहे, तमक्याची गेली, याची चर्चा रंगते. ज्याच्यावर गाव जगतं ते तर पावरलूमच. शब्दकोश हे अर्थ क्रमांक घालून एकाखाली एक मांडतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, हे योगायोगाने एका छपराखाली आलेले बिऱ्हाडकरू असावेत. मला हे सगळे एकाच घरचे वाटतात, आणि त्यांचं नातं भिवंडीत जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचित कुठे दिसत असेल.

या इंग्रजी शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्या मुळाचा अर्थ साधा आहे : करू शकणं. संस्कृतातल्या ‘शक्’ धातूचा अर्थही तोच. त्यातूनच आपली ‘शक्ती’ आली आणि रोजच्या बोलण्यातलं ‘शकणे’ही आलं. म्हणजे शक्ती ही मुळात वस्तू नव्हे. कुणीतरी काहीतरी करू शकतो, एवढीच ती गोष्ट. पुढे मराठीने कामं वाटून दिली. तारेतून येते ती वीज, खुर्चीतून येते ती सत्ता, अंगात असतं ते बळ, कागदावर मिळते ती मुखत्यारी. गणितात तर घात. ही वाटणी नेटकी आहे, पण तिच्यात काही हरवलंही. सरकारी मराठीत पावरलूमचा ‘यंत्रमाग’ झाला. शब्द चांगला, पण हातमाग हेही यंत्रच असतं. एडमंड कार्टराइट या इंग्रज धर्मोपदेशकाने 1785 मध्ये यांत्रिक मागाचं पेटंट घेतलं तेव्हा नवं होतं ते मागाला हलवणारं बळ. वीज त्या काळी गिरण्यांत नव्हतीच. माग पुढे वाफेवर धावले. त्याआधी मागाला ‘माग’ म्हटलं की पुरत असे. पावर आली, आणि जुन्या मागाला ओळखीसाठी ‘हात’ हा शब्द जोडावा लागला. विणकराच्या हाताची दखल भाषेने घेतली ती त्याला पर्याय मिळाल्यावर.

कुणी म्हणेल, वीज हा इतका सुंदर शब्द असताना परक्या शब्दाचे लाड कशाला? शिवाय एकाच शब्दात इतके अर्थ कोंबले की गोंधळच होणार. गोंधळाची भीती मला पटत नाही. ‘वीज’ आकाशातही चमकते आणि मीटरमधूनही येते, तरी आजवर कुणाची फसगत झालेली नाही. ‘माग’ विणण्याचाही असतो आणि चोराचाही काढतात. ‘घात’ पाटीवर मांडतात, तोच माणूस माणसाचा करतो. मराठी क्रियापद अर्थ ठरवून देतं : पावर जाते, वाढते, चालवली जाते, लिहून दिली जाते. सावरकरांनी दिलेले दिनांक आणि महापौर हे शब्द रुजले आणि ते रुजले याचा आनंदच आहे. पण मराठी, उर्दू, भोजपुरी आणि तेलुगू बोलणारी माणसं जिथे एका छपराखाली राबतात, तिथे ‘पावर’ हा सगळ्यांचा सामाईक शब्द आहे. त्याला हुसकावून वीज काही अधिक तेजस्वी होणार नाही.

याहून गंभीर आक्षेप असा, की विजेला आणि सत्तेला एक नाव असलं म्हणून त्या एक होत नाहीत; हा नुसता शब्दांचा खेळ आहे. भिवंडीत तरी हा खेळ नाही. इथलं वीजवितरण 26 जानेवारी 2007 पासून महावितरणने टोरंट पावर या कंपनीकडे सोपवलं आहे. कंपनीच्या नावातच तो शब्द बसलेला आहे. यंत्रमागाला विजेच्या दरात सवलत द्यायची की नाही, किती द्यायची, हे मंत्रालयात ठरतं. एका पावरचा भाव दुसरी पावर ठरवते. आणि मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर मोजली जात असेल, तर ‘पावर गेली’ याचा अर्थ अंधार एवढाच राहत नाही. माग थांबला, कापड थांबलं, त्या तासांची मजुरी बुडाली. तुटलेला धागा सांधणाऱ्या, धोट्यात कांडी भरणाऱ्या हातांत ताकद तशीच असते, फक्त त्या वेळी ते काही करू शकत नाहीत.

आता कायद्याकडे पाहा. 1948 च्या कारखाना कायद्यात ‘पावर’ची स्वतंत्र व्याख्या होती : विद्युत ऊर्जा, किंवा यंत्राद्वारे वाहून नेलेली दुसरी कोणतीही ऊर्जा, मात्र माणसाने वा जनावराने निर्माण न केलेली. मूळ कायद्यात पावर वापरणारी जागा 10 कामगारांवर कारखाना ठरत असे, न वापरणारी 20 कामगारांवर. म्हणून त्या आकड्याच्या आत राहण्यासाठी एकाच छपराखालचे माग वेगवेगळ्या नावांवर वाटले जात, आणि कामाचे तास, सुट्टी, सुरक्षितता हे कायद्याने दिलेलं सारं उंबऱ्याबाहेर राहत असे. एका शब्दाच्या व्याख्येवर माणसाचं आयुष्य असं टांगलेलं असतं. अर्थांचा हा पसारा केवळ भाषाभ्यासकांनी आवरायचा, असं मला म्हणूनच वाटत नाही. 2020 च्या नव्या कामगार संहितेने हे आकडे वाढवून 20 आणि 40 केले. पावरच्या व्याख्येतून माणसाचा हात मात्र तिनेही बाहेरच ठेवला आहे.