पाण्याखालचा हत्ती

पावसाळ्यात राजघाटाच्या पायऱ्या तापीच्या गढूळ पाण्याखाली जाऊ लागतात आणि पात्रातला दगडी हत्तीही दिसेनासा होतो. दुबईहून आलेल्या माझ्या आठ वर्षांच्या नातवाने यंदाच्या जुलैत तेथे उभे राहून विचारले, ‘‘आजोबा, हत्ती खरंच आहे ना?’’ बिचाऱ्याचा संशय रास्त होता. त्याच्या शाळेचे वर्ष ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते व मोठी सुटी जुलै-ऑगस्टात मिळते. म्हणून तो दर वर्षी बऱ्हाणपुरास येतो तो ऐन पुरात.

शाळा खासगी, आंतरराष्ट्रीय, अभ्यासक्रम इंग्लंडचा. ‘‘आता ईयर फोर,’’ असे लेक म्हणाली, तेव्हा पोराने एक इयत्ता गाळली की काय, असे मला वाटले. पाच वर्षे पूर्ण होताच तेथे पहिले वर्ष धरतात, हे मागाहून कळले. पुढे सोळाव्या वर्षी आयजीसीएसई, अठराव्या वर्षी ए लेव्हल.

मी हेडमास्तर, प्रगतिपुस्तक मागितल्यावाचून राहवेना. त्यात क्रमांक नव्हता. बाईंनी लिहिले होते, की हा प्रश्न चांगले विचारतो, परंतु पहिल्याचे उत्तर ऐकण्याआधीच दुसरा विचारतो. तीस वर्षांच्या नोकरीत मी कोणाही मुलाविषयी असे वाक्य लिहिलेले नाही. माझे शेरे तीन : उत्तम, साधारण, लक्ष द्यावे. तेथे केएचडीए हे सरकारी खाते खासगी शाळांवर देखरेख ठेवते, फीवाढीसही त्याची संमती लागते, आणि तपासणीचे अहवाल पालकांना वाचावयास मिळतात. आमच्या तपासणीची वही कपाटात असते. किल्ली अर्थात माझ्याच खिशात!

अमिरातीत अरब नसलेल्या मुलांनाही शाळेत अरबी शिकावी लागते. म्हणून त्याला जामा मशीद दाखविण्यास नेले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी सुलतान आदिलशहाने बांधविलेल्या या मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. माझ्या विद्यार्थ्यांना तो मी वर्षानुवर्षे अभिमानाने दाखवीत आलो. नातवाने वळणदार अरबीतून अलिफ, लाम अशी अक्षरे बोटाने टिपून दाखविली. मग संस्कृत लेखाकडे वळून म्हणाला, ‘‘हे तुमचं ना?’’

घरी तो आईशी चांगले मराठी बोलतो. पण ‘तुमचं’ हा शब्द मला रात्रभर बोचत राहिला.

दुबईच्या शाळेला दोष देण्याचा मोह झाला, हे कबूल करतो. परंतु माझ्या मुलीला तरी मी माझ्या सरकारी शाळेत कोठे घातले होते? तिला सायकलवरून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पोहोचवून मी आमच्या शाळेत जाई आणि तेथे पालकांना सरकारी शाळेचे महत्त्व पटवून देई. रविवारी तिला मराठी वाचावयास शिकवीत असे. दहावीचे वर्ष आले आणि तेही थांबले, ते कायमचेच. आज ती मराठी अडखळत वाचते. माझी पत्रे फोनवर मलाच वाचून दाखवावी लागतात. एम.ए.ची पदवी भिंतीवर आहे.

लेकीला हे सारे बोलून दाखविले. ती थोडा वेळ गप्प राहिली, आणि म्हणाली, ‘‘बाबा, आम्हां दोघांनाही शिकवा.’’

डिसेंबरातल्या सुटीची तिकिटे निघाली आहेत. तोवर तापी उतरलेली असेल. अंकलिपी येथे मिळाली नाही, भुसावळहून दोन प्रती आणविल्या. ‘ह’ला हत्तीच आहे, मी पाहून घेतले.